पिवळे दुकान, निळे बिल

२०१९ सालची दिवाळी. लक्ष्मीपूजन रविवारी, २७ ऑक्टोबरला होते. सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका हळदीच्या पेढीवर वहीपूजनाला जायचे, हा आमच्या घराचा जुना रिवाज. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या छापखान्यात त्या पेढीची बिलबुके तीसेक वर्षे छापली जात. छापखाना बंद झाला, तरी पानसुपारीचे आमंत्रण चालू राहिले. पुढे त्यात माझेही एक नाते जुळले. पेढीची वेबसाइट मी तयार केली. तिचे नाव आणि जागा, म्हणजे या धंद्याच्या भाषेत डोमेन आणि होस्टिंग, सांभाळण्याचे कामही माझ्याकडेच आले.

पूजा आटोपली, हातावर पेढा पडला आणि पेढीचे काका सहज म्हणाले, ‘‘ताई, आमची साइट बंद पडलीय म्हणे. इंदूरचा एक व्यापारी फोनवर सांगत होता. सवडीनं बघा जरा.’’

मी तिथेच मोबाइल काढला. पेढीचे नाव टाईप केले. हळदीच्या ढिगांचे ओळखीचे चित्र आलेच नाही, पानच उघडले नाही. पेढा घशाखाली उतरेना. त्या नावाची मुदत २० ऑगस्टलाच संपली होती.

डॉट कॉम नावांचा एक पक्का हिशेब असतो. मुदत संपली की साधारण ४५ दिवसांपर्यंत ते नाव नेहमीच्या पैशांत परत घेता येते. त्यानंतर ३० दिवस ते सोडवून आणता येते, पण दंड भरून. मग ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि त्यानंतर जगात ज्याला हवे त्याला घ्यायला मोकळे होते. मी बोटांवर दिवस मोजले. दंडाच्या मुदतीतला जेमतेम एक आठवडा उरला होता. अकरा वर्षे पाकिटांवर, कॅलेंडरांवर, टेम्पोच्या पाठीवर रंगवलेले नाव आणखी आठवडाभरात हातचे गेले असते.

‘‘काका, बिल भरायचं राहिलं होतं,’’ मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. ‘‘जुलैत पाठवलं होतं मी. नंतर आठवणही पाठवली.’’

‘‘तुमचं बिल? नाही आलं. आलं असतं तर ठेवलं असतं का?’’ काका उठले आणि कपाटातून एक बॉक्स फाइल काढून घेऊन आले. तिच्यातून त्यांनी ई-मेलचा छापलेला कागद माझ्यासमोर धरला. ‘‘हे एक आलं होतं. पण हे तुमचं नव्हे.’’

कागदावर त्यांच्या सूनबाईंच्या वळणदार अक्षरात, लाल शाईने लिहिले होते : ‘फसवणूक. उत्तर देऊ नये.’

काकांचे पाच पुरावे

‘‘माझंच आहे हे, काका.’’

‘‘कसं असेल? तुमची साइट उघडली की पिवळा रंग, वर तुमचं ते समईचं चित्र. हे निळं. तुम्ही नेहमी मराठीत लिहिता, हे सगळं इंग्रजीत. तुम्ही ‘काका, नमस्कार’ म्हणून सुरू करता, यानं आमच्या पेढीला ‘डिअर’ म्हटलंय. सूनबाईनं दाबून बघितलं तर पत्ता भलताच. आणि पैसे भरायला गेलं तर नाव कुणाचं येतंय? आप्पांच्या छापखान्याचं! छापखाना बंद होऊन किती वर्षं झाली, ताई?’’

मी निरुत्तर झाले. सायबर पोलिसांनी एखादे व्याख्यान दिले असते, तर त्यात सांगितलेली प्रत्येक खूण त्या कागदावर होती. फरक एवढाच, की पत्र खरे होते. त्या घराने शहाणपणाने वागून स्वतःचे नुकसान करून घेतले होते आणि त्याला कारण मी होते.

महापुरावर खापर फोडणे सोपे होते. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले होते, पेठांमध्ये होड्या फिरल्या होत्या. वेबसाइट उघडते की नाही हे बघायला कुणाला सवड होती? हळदीचा हंगामही नव्हता, त्यामुळे चौकशीची पत्रे थांबली तरी कुणाच्या लक्षात आले नाही. पण पहिले बिल पाण्याच्या आधी, जुलैत गेले होते. ते पूर येण्यापूर्वीच त्या बॉक्स फाइलमध्ये जाऊन बसले होते.

दंड मी माझ्या खिशातून भरला. वर्षाच्या शुल्काच्या आठपट रक्कम होती. दोन दिवसांनी, पाडव्याच्या आसपास, हळदीचे ढीग पुन्हा पडद्यावर दिसू लागले. काकांनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. त्या कागदाची एक प्रत मात्र मागून घेतली. ती आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

न झोपणारा मुनीम

हा धंदा नेमका काय आहे, ते आधी सांगायला हवे. इंटरनेटवर वेबसाइट ठेवायला जागा लागते. ती भाड्याने देणारे मोठे जागामालक असतात. त्यांच्याकडून एकदम मोठी जागा घ्यायची आणि तिचे गाळे पाडून छोट्या दुकानदारांना द्यायचे, हा माझा व्यवसाय. थोडक्यात, पोटभाडेकरू ठेवणे. ग्राहक तीसेक होते तेव्हा बिले मी हाताने करत असे. मराठीत चार ओळी लिहायच्या, रक्कम घालायची आणि पाठवून द्यायचे. ग्राहक दीडशेच्या पुढे गेल्यावर मात्र वही आवरेना. कुणाची मुदत मार्चमध्ये, कुणाची श्रावणात. म्हणून २०१९ च्या सुरुवातीला मी बिलांची तयार यंत्रणा बसवली.

अशा यंत्रणा बऱ्याच आहेत. इंग्लंडात तयार झालेली डब्ल्यूएचएमसीएस ही त्यांतली सर्वाधिक परिचित. ब्लेस्टा, होस्टबिल अशा आणखीही काही. मी कोणती घेतली याला महत्त्व नाही, कारण सगळ्यांचे काम एकच. हा एक न झोपणारा मुनीम असतो. रोज ठरलेल्या वेळी तो सगळी खाती चाळतो, कुणाची मुदत जवळ आली ते पाहतो, बिल करतो, पाठवतो. पैसे आले नाहीत तर आठवण करतो, तरीही आले नाहीत तर गाळ्याला कुलूप लावतो. पैसे आले की कुलूप काढतो. शिवाय ग्राहकाला स्वतःचे खाते पाहायला, पत्ता बदलायला, जुनी बिले काढायला एक वेगळा कक्ष असतो.

म्हणजे दुकाने दोन झाली. पुढचे दुकान म्हणजे माझी वेबसाइट. तिथे मी हौसेने पिवळा रंग, समईचे चित्र, सुटसुटीत मराठी असे सगळे केले होते. मागचे दुकान म्हणजे ही यंत्रणा. ती जशी डब्यातून आली तशीच मी मांडली होती. निळी-करडी, इंग्रजी, परदेशातल्या कुठल्याही कंपनीची शोभावी अशी. तीही चाचणीसाठी घेतलेल्या भलत्याच पत्त्यावर. माणूस पुढच्या दाराने आत येई आणि गल्ल्यापाशी पोहोचेपर्यंत त्याला वाटे, आपण चुकून शेजारच्या इमारतीत तर शिरलो नाही ना? गल्ल्यापाशीच माणूस सर्वांत सावध असतो आणि नेमकी तिथेच मी अनोळखी भिंत उभी केली होती.

मुनीम मात्र निर्दोष होता. त्याने वेळेवर बिल पाठवले, वेळेवर आठवणी पाठवल्या, वेळेवर कुलूप लावले. त्याच्या यादीत काकांच्या पेढीचे नाव तांबड्या अक्षरांत दोन महिने होते. यंत्र पाहते आहे म्हणून मी पाहायचे सोडले होते.

आप्पांचे बिलबुक

त्या रात्री मी आप्पांना सगळे सांगितले. आप्पा तेव्हा ८२ वर्षांचे होते. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध डीटीपीच्या काळात, म्हणजे छापखान्यात खिळ्यांची जागा फ्लॉपीने घेतली तेव्हा, आला आणि तिथेच संपला. होस्टिंग म्हणजे काय हे त्यांना मी कधी समजावू शकले नाही. बिल म्हणजे काय, हे मात्र मला त्यांच्याकडून समजून घ्यायचे होते.

‘‘अगं, लेटरहेड एक आणि बिलबुक दुसरं, असं कधी दिलंय का आपण कुणाला?’’ ते म्हणाले. ‘‘नवीन गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा ब्लॉक करून घ्यायचो. दुकानाचं जे चित्र पाटीवर, तेच लेटरहेडवर, तेच बिलावर, तेच पाकिटावर. शाई तीच. पाटी बाजारात असते, पण बिल लोकांच्या घरात जाऊन बसतं. वर्षानं कुणी ते काढून बघितलं तर दुकान डोळ्यांपुढं आलं पाहिजे.’’

मग त्यांनी जुन्या ट्रंकेतून काही नमुने काढले. वर ‘श्री’, डावीकडे ब्लॉक, मधोमध पेढीचे नाव, उजवीकडे लाल शाईत नंबरिंग मशीनने मारलेला अनुक्रमांक. खाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. आणि फोन नंबर कोपऱ्यात नाही, नावाच्या लगेच खाली, ठळक खिळ्यांत. ‘‘बिलाबद्दल शंका आली की माणूस आधी फोन शोधतो,’’ आप्पा म्हणाले. माझ्या निळ्या बिलावर फोन नंबर होता, पण सर्वांत खाली, मुंगीच्या अक्षरात.

तेवढ्यावरून मी कामाला लागले. दोन दुकाने एक करायची.

साच्याची गोष्ट

हे काम वाटते तितके सोपे नाही आणि सांगतात तितके अवघडही नाही. यंत्रणेची पाने साच्यांवर बेतलेली असतात. साचा म्हणजे छापील फॉर्म. मजकूर ठरलेला, मध्ये रिकाम्या जागा आणि त्या जागांमध्ये मुनीम नाव, रक्कम, तारीख भरत जातो. डब्ल्यूएचएमसीएसचे साचे स्मार्टी नावाच्या पद्धतीने लिहिलेले असतात. त्यात या रिकाम्या जागा महिरपी कंसांत दाखवतात. प्रत्येक पानाचा माथा एका फाइलमध्ये आणि पायथा दुसऱ्या फाइलमध्ये. आप्पांच्या भाषेत, लेटरहेडची वरची पट्टी आणि खालची पट्टी. या दोन फाइली आपल्या वेबसाइटसारख्या केल्या की अर्धे काम झाले.

पहिली चूक मी इथेच केली. मूळ साच्याच्या फाइलींमध्येच थेट फेरफार केले. चार रात्री जागून माथा पिवळा केला, समई बसवली. महिन्याभराने यंत्रणेची नवी आवृत्ती आली, ती चढवली आणि सकाळी पाहते तो सगळे पुन्हा निळे! नवी आवृत्ती मूळ साच्यावरच येऊन बसते, त्याखाली आपले रंगकाम पुसले जाते. हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते, मी वाचले नव्हते. योग्य रीत अशी, की साच्याची प्रत काढून तिला आपले नाव द्यायचे आणि बदल त्या प्रतीत करायचे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तर मूळ साच्याचे ‘अपत्य’ करण्याची सोय आली. म्हणजे जेवढे बदलायचे तेवढेच आपल्याकडे ठेवायचे, बाकीचे आईबापांकडून आपोआप येते. मूळ घर दुरुस्त झाले तरी आपल्या खोलीचा रंग उडत नाही.

दुसरी चूक हौसेची. मला वाटले, वेबसाइटची सगळीच सजावट उचलून इकडे आणावी. आणली. पण दोन्हीकडच्या सजावटींत बटणांना, तक्त्यांना, चौकटींना तीच तीच नावे दिलेली होती. दोन सासवांनी एकाच स्वयंपाकघरात हुकूम द्यावेत तसे झाले. रकमेचा तक्ता मोबाइलच्या पडद्याबाहेर गेला आणि ‘पैसे भरा’ हे बटण पायथ्याखाली जाऊन लपले. शेवटी फक्त चार गोष्टी आणायच्या असे ठरवले : रंग, अक्षरांचे वळण, माथ्यावरची मेनूची ओळ आणि पायथ्याचा पत्ता. आतल्या कामाच्या चौकटींना हात लावायचा नाही.

रंगानेही धडा शिकवला. हळदीचा पिवळा पाटीला झकास दिसतो, पण पांढऱ्या पानावर पिवळ्या अक्षरांतली रक्कम साठीच्या माणसाला दिसतच नाही. वेबसाइट सर्वांना वाचता याव्यात यासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे सांगितले आहे. माझे पिवळे त्याच्या आसपासही नव्हते. म्हणून पिवळा माथ्यावर ठेवला आणि अक्षरांसाठी गडद मरून घेतला. हळद आणि कुंकू. आप्पांना हे फार आवडले.

एक सोपा मार्ग पुष्कळांना सुचतो, तोही सांगून टाकते. आपल्या वेबसाइटच्या पानात एक खिडकी करायची आणि बिलांची यंत्रणा त्या खिडकीतून दाखवायची. दिसायला एकसंध दिसते. पण ग्राहकाला वरच्या पट्टीत खिडकीतल्या पानाचा पत्ता दिसतच नाही. पैसे नेमके कुठे भरतो आहोत हे त्याला तपासता येत नाही. शिवाय बँकांची आणि पैसे भरण्याची बरीच पाने सुरक्षिततेसाठी अशा खिडकीत उघडायला नकार देतात. त्यापेक्षा यंत्रणा आपल्याच मुख्य पत्त्याच्या पोटात, एका उपपत्त्यावर ठेवावी. मी तसेच केले. चाचणीचा तो भलता पत्ता कायमचा बंद केला.

‘निलंबित’ कोण झाले?

खरी गंमत भाषेची. रंग जुळला, पण बटणांवर इंग्रजीच होती. या यंत्रणेत अनेक भाषांच्या फाइली येतात. डॅनिश आहे, एस्टोनियन आहे, मराठी नव्हती. मात्र आपले शब्द वेगळ्या फाइलीत लिहून मूळ शब्दांच्या जागी बसवण्याची सोय असते. मी शब्दकोश घेऊन बसले.

थकबाकीमुळे बंद ठेवलेल्या खात्याला मी आधी ‘निलंबित’ लिहिले. दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन. ‘‘माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत मला कुणी निलंबित केलं नाही, तुम्ही दोनशे रुपयांसाठी केलंत?’’ तो शब्द गेला, ‘तात्पुरते बंद’ आले. मदतीच्या विनंतीला इंग्रजीत ‘तिकीट’ म्हणतात. ‘तुमचे तिकीट उघडले आहे’ हे वाचून एका ग्राहकाने विचारले, कुठल्या गाडीचे? तिथे ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ लिहिले, तर दुसऱ्या बाईंनी कळवले, ‘मी तक्रार केलेली नाही, नुसते विचारले होते.’ शेवटी ‘तुमचा प्रश्न पोहोचला’ यावर समेट झाला. ‘इन्व्हॉइस’ला ‘बीजक’ म्हणावे असे मनात होते. आप्पा म्हणाले, ‘‘बिलाला बिलच म्हण. बीजक म्हटलंस तर लोक शेतावर नेतील.’’

मग आला छापील प्रतीचा प्रश्न. पडद्यावर मराठी नीट दिसे, पण बिलाची पीडीएफ प्रत काढली की घोटाळा. ‘शिंदे’ या नावातली वेलांटी ‘श’च्या पुढे यायची ती मागे जाऊन बसली, ‘क्ष’चा पाय मोडला, जोडाक्षरे सुटी सुटी झाली. काही ठिकाणी रुपयाचे चिन्हही उमटेना, त्या जागी रिकामा चौकोन. ते चिन्ह २०१० साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते कसे असणार? वेलांटीचे कारण थोडे खोल आहे. देवनागरीत अक्षरे लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एकच नसतो. वेलांटी उच्चारात नंतर, कागदावर आधी. ब्राउझरला ही जुळणी येते. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक छोट्या प्रणालींना ती येत नाही, त्या एकापुढे एक अक्षर ठेवून मोकळ्या होतात.

आप्पांनी ती प्रत पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या खिळ्यांच्या केसमध्ये प्रत्येक जोडाक्षराला स्वतःचे घर होते. देवनागरीच्या जुळारीला इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घरे पाठ लागत. ‘‘गिऱ्हाइकाचं नाव चुकलं तर आम्ही सबंध बिलबुक बदलून द्यायचो,’’ एवढेच ते म्हणाले. मी पीडीएफ मराठीतून काढणे बंद केले. आता बिल पानावरच उघडते आणि तिथूनच छापले जाते. ब्राउझर छापतो, म्हणून नावे शाबूत राहतात.

अनुक्रमांकाचीही त्यांनी चौकशी केली. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला, तेव्हापासून बिलाचा क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात एकदाच वापरलेला हवा आणि १६ अक्षरांहून मोठा नको, असा नियम आहे. न भरलेली, रद्द झालेली बिले मध्ये आली की सलगपणा तुटतो. त्यासाठी आधी कच्चे बिल पाठवायचे आणि पैसे आल्यावर त्याला पक्का क्रमांक द्यायचा, अशी सोय यंत्रणेत असते. ‘‘म्हणजे नंबरिंग मशीन आहे तर,’’ आप्पा समाधानाने म्हणाले.

काकांचा पाचवा पुरावा सर्वांत सोपा होता आणि तोच मी सर्वांत शेवटी दुरुस्त केला. पैसे छापखान्याच्या जुन्या खात्यात येत होते. यूपीआयने पैसे भरताना ज्याचे खाते त्याचे बँकेत नोंदलेले नाव दिसते. मी कंटाळा करून नवे खाते उघडले नव्हते. बँकेत दोन फेऱ्या आणि चार सह्या, एवढेच काम होते.

चोरालाही रंग येतो

मार्च २०२० पर्यंत दोन्ही दुकाने एकसारखी झाली. मला वाटले, संपले. तेव्हा काकांच्या सूनबाईंनी एक प्रश्न विचारला. ‘‘ताई, आता तुमचं बिल ओळखता येतं. पण उद्या कुणी अगदी असंच पिवळं बिल केलं, तर?’’

प्रश्न बिनतोड होता. मला जे रंग लावायला चार महिने लागले, ते उचलायला चोराला एक दुपार पुरते. वेबसाइटचा माथा, समई, अक्षरे, सगळे जगाला दिसते म्हणजे सगळे नकलता येते. कुलपाच्या चित्रावरही विसंबता येत नाही. ते चित्र केवळ एवढेच सांगत असे, की मधला रस्ता बंदिस्त आहे. रस्त्याच्या टोकाला साव आहे की चोर, हे ते सांगत नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ साली क्रोममधून ते कुलूप काढूनही टाकले.

आणि बोलण्याची चोरी तर रंगाशिवायही होते. मे २०१२ मध्ये खुद्द डब्ल्यूएचएमसीएस कंपनीच्याच सर्व्हरमध्ये चोर शिरले होते. त्यांनी कुठलेही कुलूप फोडले नाही. कंपनीच्या प्रमुखाचे सोंग घेऊन त्यांनी जागा पुरवणाऱ्यांशी संपर्क साधला, ओळख पटवणाऱ्या प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली आणि किल्ली मिळवली. दुसऱ्यांचे गल्ले सांभाळणाऱ्याच्या घरी हे घडले, तिथे आपण कोण?

मग सारखेपणाचा उपयोग काय? मी सूनबाईंना जे सांगितले ते असे. सारखेपणा चोराला अडवत नाही, तो खऱ्या माणसाला ओळखू येऊ देतो. २०१९ मध्ये मी खरी असून खोटी दिसत होते. एवढीच गोष्ट दुरुस्त झाली. चोराला अडवण्यासाठी रंग नव्हे, दुसऱ्या तीन गोष्टी पाहायच्या. पत्ता अक्षरन् अक्षर तोच आहे का, पैसे घेणाऱ्याचे नाव तेच आहे का आणि बिलातल्या नव्हे, तर आपल्या वहीतल्या नंबरावर फोन केला तर ओळखीचा आवाज येतो का. माझ्याकडून मी एवढे केले, की माझ्या नावाने निघणाऱ्या ई-मेलवर पोस्टाच्या शिक्क्यासारखी एक तांत्रिक खूण बसवली. ती नसलेले पत्र पुष्कळदा आपोआप कचऱ्याच्या टोपलीत जाते. डोमेनच्या मुदतीची आठवण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत द्यावी, असा डॉट कॉमसारख्या नावांसाठी नियमच आहे. मी त्यात स्वतःसाठी एक भर घातली. मुदतीला दहा दिवस उरले आणि पैसे आले नाहीत, तर मुनीम ग्राहकाला नव्हे, मला उठवतो. मग मी फोन करते.

फोन नंबर आता बिलाच्या माथ्यावर, नावाच्या लगेच खाली आहे. आप्पांच्या नमुन्याप्रमाणे, ‘पैसे भरा’ या बटणापेक्षा मोठ्या अक्षरात. एका तज्ज्ञ मित्राने हे डिझाइनच्या दृष्टीने चूक असल्याचे सांगितले. असेल.

ऑगस्ट २०२० मध्ये काकांचे बिल मुदतीच्या आधी गेले. पंधरा मिनिटांत फोन वाजला.

‘‘ताई, पिवळं बिल आलंय. तुमचंच ना?’’

‘‘माझंच, काका.’’

‘‘पत्ता बघितला. नाव बघितलं. समईही आहे.’’

‘‘मग भरायचं होतं की.’’

पलीकडून सूनबाईंचा आवाज ऐकू आला, ‘‘मी तेच म्हणतेय, सगळं दिसतंय ना सारखं!’’

‘‘सारखं दिसतंय म्हणूनच विचारतोय,’’ काका तिला म्हणाले. मग मला म्हणाले, ‘‘भरतो आता. आप्पा कसे आहेत?’’

तेव्हापासून दर ऑगस्टला तो फोन येतो. बिल मुनीम पाठवतो, मी फक्त ‘माझंच’ म्हणायला असते.